लग्नघरची मडकी

"कोरी मडकी मातीत पुरायची न्हाईत. माज्या लेकीचं लगीन हाय," हौसाबाई म्हणाल्या आणि कुंभारानं उतरवून ठेवलेल्या अठरा मडक्यांच्या पुढं पदर खोचून उभ्या राहिल्या.

कोळेकरांनी हातातली पहार जमिनीवर टेकवली. "मग काय आढ्याला टांगू? आगं, मोगऱ्याच्या मुळापाशी पुरायची, पान्यानं भरायची, वर परळ झाकायचा. पाणी आतनं पाझरतं. उनाला घावत न्हाई. रेडिओवर सांगितलंय."

"रेडिओला लेक हाय का उजवायची? कोरं मडकं मानूस खांद्यावर कवा घेतो, ठावं हाय न्हवं? लग्नघरची मडकी रंगवायची असत्यात. गेरू-चुना लावा, मग काय पुरायचं ते पुरा."

कोळेकरांनी माझ्याकडं पाहिलं. मी पायरीवर बसून चहा पीत होते. मला नोकरीला लागून आठ महिने झाले होते. चिपळूणची मुलगी, वय पंचवीस, आणि माणदेशातल्या येरळगावच्या जनावरांच्या दवाखान्याची मी मुख्य डॉक्टर. म्हणजे एकुलती एक डॉक्टर. अंबादास कोळेकर आमचे ड्रेसर. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, खूर तासणं हे त्यांचं काम. आणि म्हैस अडली की मला काय करायचं हे माझा मान राखून हळूच सुचवणं, हेही त्यांचंच काम. दवाखान्याच्या आवारात माझी खोली आणि त्यांचं क्वार्टर शेजारी शेजारी होतं. मी जेवायला त्यांच्याकडंच असे. हौसाबाईंना मी मावशी म्हणत असे आणि त्या मला डाक्तरीनबाई म्हणत. मात्र ओरडताना त्या मला पोटच्या पोरीसारखंच ओरडत.

"मावशींचं बरोबर आहे," मी म्हटलं. "रंगवायचं माझ्याकडं लागलं."

एवढं बोलून मी त्या मोगऱ्याच्या मरणावर सही केली. पण ते कळायला तीन आठवडे जायचे होते.

मोगऱ्याचं सांगायला हवं. कोळेकरांची मुलगी वैजयंता चार वर्षांची होती तेव्हा त्यांची बदली येरळगावला झाली. आवारात बोरी-बाभळीशिवाय काही नव्हतं. त्यांनी सासुरवाडीहून मोगऱ्याची एक फांदी आणून लावली आणि तिच्या दाबकलमांवर दाबकलमं करत सोळा वर्षांत अठरा झाडं केली. त्या भागात लोक डोक्यावरून पाणी आणत आणि हा माणूस मोगरा जगवतो म्हणून गाव त्यांना हसायचं. त्यांनी मनावर घेतलं नाही. भांडी धुतलेलं पाणी, अंघोळीचं पाणी, म्हशीची जखम धुऊन उरलेलं पाणी, सगळं मोगऱ्याला. पश्चिमेच्या बाजूला जुन्या लुगड्यांचा आडोसा, बुडाशी गोणपाट आणि लिंबाचा पाला. वैजू सात-आठ वर्षांची असताना कुणाच्या तरी लग्नातून आली आणि म्हणाली, "आबा, माज्या लग्नात इकतची फुलं नगं. आपलीच." कोळेकरांनी तेव्हाच हो म्हटलं आणि पुढं बारा-तेरा वर्षं साऱ्या गावाला सांगितलं, की वैजूच्या मुंडावळ्या, वेणी आणि हार माझ्या मोगऱ्याचे असणार.

आता वैजूचं लग्न ठरलं होतं. मुलगा पलूसकडचा, शाळामास्तर. एकदाच बघायला आला होता, पण त्यानंतर वैजू भाकरी थापताना स्वतःशी हसायची आणि तव्यावरची भाकरी करपली की आईवर चिडायची. तारीख अकरा मे. कोळेकरांनी माघात झाडं छाटली होती, पाणी तोडलं होतं, फाल्गुनात परत दिलं होतं. चैत्रात झाडं गच्च फुटली, पानाआड बारीक कळ्या दिसायला लागल्या. आणि नेमकं पाडव्याला आमचं बोअर आटलं. टँकर आठवड्यातून एकदा, मंगळवारी. आवाराला दोन पिंपं. त्यात माणसं, आलेली जनावरं आणि अठरा मोगरे. म्हणून ही मडकी.

दुसऱ्या दिवशी वरून हुकूम आला. बारा कोसांवर चारा छावणी उघडली होती, दोन हजार जनावरं, आणि तिथं ड्रेसर पाहिजे. तीन आठवडे. लग्नघरच्या माणसाला हे असं. कोळेकर कुरकुरले नाहीत. पिशवीत दोन धोतरं आणि खुराचा चाकू टाकून कडब्याच्या ट्रकमध्ये बसले. जाताना मला म्हणाले, "म्याडम, मडकी तेवढी पुरून घ्या. झाडापास्नं वीतभर. मुळं दुखवायची न्हाईत. आन वरनं पानी घालायचं न्हाई, निस्तं मडकं भरायचं. मोगरा तुमच्या वटीत घातलाय."

मी कामाला लागले. हौसाबाईंनी गेरू-चुना सांगितला होता. गेरू शिपायाकडून मागवायचा तर तालुक्याला जायला हवं, चुना तर ओल्या मातीत आठ दिवसांत निघून जाणार. मला ते पटेना. मनापासून करायचं तर टिकाऊ करावं. तपासताना जनावरं अडकवायचा लोखंडी खोडा रंगवायला आलेला पिवळा ऑइलपेंट कोठीत होता, दीड डबा उरलेला. लाल रंगही थोडा होता. मी आणि वैजूनं दोन दुपारी बसून अठरा मडकी बाहेरून बुडापासून गळ्यापर्यंत पिवळीधमक केली. एक हात पुरेना म्हणून दोन हात दिले. गळ्याला लाल पट्टा आणि त्यावर ठिपके. हौसाबाईंनी डोळे भरून पाहिलं. "बोहल्याला ठिवावीत अशी झाल्यात," त्या म्हणाल्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. मी तर बैलांचीच डॉक्टर होते.

मडकी पुरली, भरली, झाकली. पुढच्या मंगळवारी टँकर आला तेव्हा मी बादली घेऊन एकेक परळ उचलला. मडकी भरलेली! जेमतेम बोटभर पाणी कमी झालेलं, तेही वरून उडून गेलं असावं. मला काय आनंद झाला! कडब्याच्या ट्रकवाल्याबरोबर निरोप धाडला: "मडकी अजून भरलेली आहेत. रेडिओवाले खरं सांगतात. थोडक्या पाण्यात भागतंय." उलट निरोप आला: "झ्याक. आता आजाबात वरनं वतू नका."

वाचलेलं पाणी मी वासरांना पाजलं आणि स्वतःवर खूश झाले.

दुसऱ्या आठवड्यात पानं पिवळी पडायला लागली. आता, चिपळूणला पान पिवळं पडलं की एकच अर्थ: पाणी जास्त झालं, मुळं कुजली. झाड पाण्यावाचून मरतं हे मी पुस्तकात वाचलं होतं, आमच्याकडं कधी पाहिलं नव्हतं. मडकं तर काठोकाठ. म्हणजे जमीन आतून चिंब असणार. मी घाईनं प्रत्येक मडक्यातलं निम्मं पाणी तांब्यानं उपसलं. हवा लागावी म्हणून बुडाचं गोणपाट आणि पाला काढून टाकला. वैजू म्हणाली, "बाई, आबा तर गोणपाट कधी काढत न्हाईत." मी म्हटलं, "अगं, कुजतंय ते. मी शिकलेय ना." खरं म्हणजे मी जनावरांचं शिकले होते.

एप्रिल संपता संपता कोळेकर आले. सकाळचे नऊ वाजले असतील, ऊन मी म्हणत होतं. पिशवी खांद्यावरच ठेवून ते आधी मोगऱ्याकडं गेले. झाडांवर मूठ-मूठ पानं होती. मुगाएवढ्या कळ्या जागच्या जागी वाळून तपकिरी झाल्या होत्या. ते पहिल्या झाडापाशी उकिडवे बसले, मातीत बोट घातलं, काढलं. मडक्याशेजारची माती हातानं उकरली. फुफाटा निघाला. मग मडक्याच्या पोटाला नखानं खरवडलं. पिवळ्या रंगाचं पातळ सालपट नखाखाली आलं.

त्या क्षणी मला कळलं. कुणी सांगायची गरज नव्हती. मडकं पाझरतं म्हणून ते मडकं. मी त्याचं सगळं अंग बुजवून टाकलं होतं, दोन हात देऊन. अठरा झाडं पाण्याला टेकून तहानेनं मेली होती.

"कोळेकर, हे मी केलं," मी म्हटलं.

त्यांनी ते सालपट बोटांत फिरवलं. मग इकडंतिकडं पाहून हळू आवाजात म्हणाले, "हिनंच सांगितलं न्हवं रंगवा म्हणून?"

"मावशींनी गेरू-चुना सांगितला होता. ऑइलपेंट माझं डोकं."

"त्ये तिला न्हाई समजायचं. तिला वाटंल माज्याच हट्टापायी झालं. आन गावात तुमचं हसं हुईल. डाक्तर हायसा तुमी." त्यांनी सालपट मातीत दाबलं. "मडक्याचं नाव काडायचं न्हाई. ऊन लई होतं, उनानं गेली. काय?"

"पण वैजू..."

"मुळं जित्ती हायती. बघू या." त्यांनी एक फांदी नखानं टोकरली. आत हिरवी रेघ होती.

त्या दुपारी हौसाबाई आणि वैजू बांगड्या भरायला गेल्या तेव्हा आम्ही अठराही मडकी उकरून काढली. खूर घासायची मोठी कानस होती, तिनं कोळेकर रंग खरवडायचे आणि मी विटकरीच्या तुकड्यानं. बोटांची सालटी निघाली. गळ्याचा लाल पट्टा तेवढा त्यांनी ठेवला, वरून दिसतो म्हणून. बारा मडकी नीट झाली. सहांचं काम उरलं; त्यांतली दोन फुटली आणि चार तशीच मागच्या गोठ्यात लपवली. त्या सहा झाडांना त्यांनी सलाइनच्या रिकाम्या बाटल्या उलट्या टांगून थेंब थेंब पाणी लावलं. पुन्हा गोणपाट, पुन्हा पाला. काम करताना ते माझ्यावर एकदाही चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. उलट मधेच म्हणाले, "रंग मातूर झ्याक दिलता. एक टवका निघंना."

आठ दिवसांत डोळे फुटले. कोवळी पानं आली, लहान लहान कळ्याही दिसू लागल्या. पण अकरा मेला हार होण्यासारखं काही नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसत होतं. वैजू काही बोलली नाही. एकदा मात्र झाडापाशी उभी राहून म्हणाली, "आबा, असू दे. नसली म्हणून काय," आणि आत जाऊन उगाच भांडी घासत बसली.

हौसाबाईंचं मौन मात्र वेगळं होतं. त्या दिवसेंदिवस गप्प होत चालल्या. रुखवताच्या लाडू-करंज्यांचं बघेनात, आहेराची लुगडी उघडेनात. मी ओळखायला हवं होतं. माझ्या मनात माझंच चाललं होतं.

नऊ तारखेला सकाळी हळद दळायचं ठरलं होतं. ओसरीवर जातं मांडलं, त्याला सुपारी-हळकुंड बांधलं, दहा-बारा बायका जमल्या. आधी पाच सवाष्णींनी हात लावला. जातं दोन फेरे फिरलं असेल, आणि हौसाबाईंनी खुंट्यावर हात ठेवून ते थांबवलं.

"हळद दळायची न्हाई," त्या म्हणाल्या. "ही सोयरीक मोडा."

वैजू आतल्या दारात उभी होती. तिचा चेहरा मी अजून विसरलेले नाही.

कोळेकर अंगणातून धावत आले. "काय बोलतीयास? डोकं फिरलंय का?"

"ऊन दरसाली असतंय," हौसाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "सोळा वर्सं ऊन हाय. त्या बाहत्तरच्या दुष्काळावानी दोन सालं पडली, तवा बी ही झाडं गेली न्हाईत. लेकीच्या नावानं लावलेली झाडं तिच्याच लग्नाच्या म्हयन्यात वाळली. कळ्या धरून वाळली. ही देवाची खूण न्हाई तर काय? मी माजी लेक जाणूनबुजून खड्ड्यात घालू?"

"आगं, उनानं..."

"तुमी खोटं बोलताय. तुमाला कायतरी ठावं हाय आन तुमी माज्यापास्नं लपिवताय. कुणा देवऋष्याकडं जाऊन आलाय का? काय सांगितलं त्यानं?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हातारी मान हलवून म्हणाली, "खरं हाय बाई. झाडाला कळतंया."

मी उठले. कोळेकरांनी माझ्याकडं पाहून मान नकारार्थी हलवली. माझी इभ्रत वाचवायला निघालेला तो माणूस स्वतःच्या मुलीचं लग्न मोडेपर्यंत तोंड उघडणार नव्हता. मला गोठ्यात जायला दोन मिनिटं लागली. लपवलेल्या मडक्यांतलं एक मी उचललं. त्याची अर्धी बाजू कानशीनं खरवडलेली, अर्धी पिवळीधमक. ओसरीवर आणून मी ते हौसाबाईंच्या पुढं ठेवलं आणि त्यात कळशीतलं पाणी ओतलं.

"मावशी, मोगरा मी मारला," मी म्हटलं.

"काय?"

"तुम्ही गेरू-चुना सांगितला होता. मी खोड्याचा ऑइलपेंट लावला. दोन हात. मडकं पाझरायचंच बंद झालं. मग पानं पिवळी पडली तर मला वाटलं पाणी जास्त झालं, म्हणून आतलं पाणीसुद्धा उपसलं. वरचं गोणपाट काढलं. जेवढं म्हणून चुकीचं करता येईल तेवढं मी केलं. कोळेकरांनी आल्या आल्या ओळखलं. माझं हसं होईल म्हणून ते बोलले नाहीत. यात देव कुठं नाही, मावशी. मीच आहे."

सगळ्या बायका त्या मडक्याकडं बघत होत्या. हळूहळू खरवडलेल्या बाजूचा रंग गडद होत गेला, मग तिथं घाम आल्यासारखे थेंब धरले. पिवळी बाजू ठणठणीत कोरडी. हौसाबाईंनी हात पुढं केला. ओल्या बाजूला बोट लावलं, कपाळाला लावलं. मग कोरड्या बाजूवरून तळवा फिरवला, पुन्हा पुन्हा फिरवला.

"तुमी?" त्या म्हणाल्या.

"मी."

"देवानं न्हाई?"

"नाही हो. मी."

मला वाटलं आता त्या मला घालूनपाडून बोलतील. माझी तयारी होती. मला ते हवंच होतं. पण त्यांच्या घशातून आधी एक विचित्र आवाज आला, आणि मग त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांना पाणी लागलं, पदर तोंडात घातला तरी हसू थांबेना. त्यांनी माझं मुंडकं धरून आपल्या छातीशी दाबलं, हळदीच्या हातांनी. "आगं माजे बये! तुज्यामुळं मेला व्हय! आगं, मग आधी सांगायचं! म्या रातचं पडून देवाला इचारतीया माजं काय चुकलं, आन हितं ही मडकी रंगवून बसलीया!" नऊ महिन्यांत पहिल्यांदाच त्या मला अगं-तुगं करत होत्या. "तू मारलास म्हंजी देवानं न्हाई मारला. चांगलं झालं. लई चांगलं झालं."

वैजू दारातून पळत आली आणि आम्हा दोघींच्या गळ्यात पडली. ती हसत होती की रडत होती, तिलाच ठाऊक. कोळेकर पाठ फिरवून अंगणातल्या बाभळीकडं बघत उभे होते.

"बसा गं, जातं धरा!" हौसाबाई ओरडल्या. जातं फिरायला लागलं. आणि ती झाडाला कळतंया म्हणणारी म्हातारी, तिनंच पहिली ओवी धरली:

"डाक्तरीन माजी बाई, शानी बारा गावात,
रंगवूनी मडकं, पानी कोंडलं पोटात!"

बायका खिदळल्या. मग प्रत्येकीनं एक एक जोडली. त्या दिवशी हळदीपेक्षा मीच जास्त दळली गेले.

अकरा तारखेला पहाटे कोळेकरांनी अठरा झाडं पालथी घातली. सव्वीस कळ्या निघाल्या. हार नाही, मुंडावळ्या नाहीत. बोटभर गजरा झाला. हौसाबाईंनी तो वैजूच्या अंबाड्यात मधोमध खोवला. मुंडावळ्या आणि हार मुलाकडच्यांनी आणलेले, मोठे, झेंडू आणि निशिगंधाचे.

अक्षता पडल्या, जेवणावळी बसल्या, आणि मुलाची आत्या वैजूच्या डोक्याकडं बघून म्हणाली, "अवं विहीणबाई, आमाला तर सांगितलं होतं मोगऱ्याचा बाग हाय म्हणून. एवढुसाच गजरा?"

मी पंक्तीत वाढत होते.

"व्हय," हौसाबाई मान ताठ करून म्हणाल्या. "बाकीचा आमच्या डाक्तरीनबाईनं मारला. ती काय, बुंदी वाडतीया ती." आणि त्यांनी सगळी हकिकत सांगितली, ऑइलपेंटच्या दोन हातांसकट. आत्या पोट धरून हसली. पलीकडच्या पंक्तीत विचारलं गेलं काय झालं, तर हौसाबाईंनी तिथंही सांगितलं. मग नवरदेवाच्या मामांना सांगितलं, बँडवाल्यांना सांगितलं, भटजींना दक्षिणा देताना सांगितलं. जितक्या वेळा सांगत तितका त्यांचा चेहरा उजळत होता.

मी नोकरीत तेहतीस वर्षं काढली, पुष्कळ जनावरं वाचवली, दोन-तीनदा वरून शाबासकीचं पत्रही आलं. पण त्या दिवशी मांडवात दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी वळून माझ्याकडं बघायचं, बोट दाखवून विचारायचं, "हीच का ती?" आणि प्रत्येक वेळी मी बुंदीची परात खाली ठेवून पुढं व्हायची आणि म्हणायची, "हो. मीच."